सडपातळ माणसाचा माज

जाड माणसांविषयी मला आयुष्यभर तिटकारा वाटत आला. सभ्य माणसाने असं लिहू नये, पण मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि सभ्यता आता फक्त दुसऱ्याच्या घरी गेल्यावर वापरतो. जाड माणूस दिसला की वाटायचं, या गृहस्थाला स्वतःच्या जिभेला साधं नाही म्हणता येत नाही, हा दुसऱ्यांना काय सांगणार? मी पस्तीस वर्षं धरणांच्या कामांवर इंजिनिअर होतो. ठेकेदारांकडच्या जेवणावळी टाळल्या. लग्नाकार्यात वरणभात खाऊन सगळ्यांच्या आधी उठलो. माझ्या लग्नात शिवलेली पँट मला साठाव्या वर्षीही होत होती, आणि कोणी न विचारता मी ते सांगत असे.

बायको गेल्यावर मुलाने मला ऑकलंडला आणलं. फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात त्याचं मोठं घर आहे. मुलगा आणि सून दोघंही आयटीत. सकाळी सातच्या सुमारास गराजांची दारं एकामागून एक वर जातात, गाड्या बाहेर पडतात, आणि तासाभरात अख्खा रस्ता मोटरवेवर जाऊन उभा राहतो. मागे उरतात मोठमोठी घरं आणि त्यांच्यात एकेक म्हातारा किंवा म्हातारी.

या म्हाताऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून दोनदा कम्युनिटी हॉलमध्ये जमायचं. मुलगा आग्रहाने सोडायचा म्हणून मी जायचो. तिथलं संभाषण ऐकवत नसे. एकाची शुगर, दुसरीचा गुडघा, तिसऱ्याचं कोलेस्टेरॉल. पदकं मिळाल्यासारखे लोक आपापले रिपोर्ट सांगायचे, आणि सांगून झालं की बाकरवडी आणि जिलेबीच्या डब्यांवर तुटून पडायचे. चहा मात्र बिनसाखरेचा हवा. जिलेबी खाऊन बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या माणसाशी मी काय बोलणार? मी कोपऱ्यात बसून दोन मारी बिस्किटं खायचो आणि सगळ्यांच्या पोटांकडे बघायचो.

त्यात सर्वांत मोठं पोट होतं एका निवृत्त प्राध्यापकांचं. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून मुलीकडे राहायचे, बायकोसकट. भजी तोंडात असतानाच ते भज्यातल्या तेलाचं शरीरात पुढे काय होतं हे समजावून सांगायचे. जे कळतं त्याच्या बरोब्बर उलट वागणारा माणूस मला अडाण्यापेक्षा खालचा वाटतो. शिवाय ते रोज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलांसकट शुभ सकाळ पाठवत.

एकदा त्यांनी सांगितलं की ते जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये व्यायामाच्या वर्गाला जातात. टोंगा बेटांवरची, एक टोंगन बाई घेते. "साठीच्या पुढच्यांसाठी आहे. पायांत ताकद राहावी म्हणून. खुर्चीवरून उठायचं, खुर्चीवर बसायचं. जमिनीवर पडलो तर उठायचं कसं, तेही शिकवते. तुम्हीही या ना, इंजिनिअरसाहेब."

मी म्हणालो, "सर, खुर्चीवरून उठणं मी रोज घरी फुकट करतो."

सगळे हसले. सर सर्वांत जास्त हसले, पोट हलेपर्यंत. अपमान झालेला माणूस असा मोकळा हसला की अपमान करणाऱ्याला मजा येत नाही. मला त्यांचा आणखीच राग आला.

त्याच सुमाराला काही गोष्टी घडत होत्या, त्यांच्याकडे मी लक्ष देत नव्हतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, तेव्हा मी झाकणं बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या. रस्ता ओलांडताना सिग्नलमधला हिरवा माणूस मी मध्यावर असतानाच लाल व्हायला लागला, तेव्हा सिग्नल चुकीचा लावलाय असं मुलाला सांगितलं. एके दिवशी बसस्टॉपवर बस थांबली आणि फुस्स आवाज करून तिने आपला एक खांदा फुटपाथकडे खाली झुकवला. म्हातारे, अपंग आले की ड्रायव्हर बटण दाबून असं करतो. मी मागे वळून पाहिलं, कोणासाठी झुकली म्हणून. मागे कोणी नव्हतं.

मग सुनेने मेडिकल सेंटरची वेळ घेतली. तिथली नर्स मराठी निघाली, नगरकडची. मुलीच्या वयाची. आधी तिने माझ्या हातात एक यंत्र देऊन ते जोराने आवळायला सांगितलं. काटा जेमतेम हलला. मग हात छातीवर दुमडून, कशाचाही आधार न घेता, खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला सांगितलं. दोनदा उठलो. तिसऱ्यांदा अर्ध्यावर अडकलो आणि परत खाली बसलो.

"खुर्ची बुटकी आहे," मी म्हणालो.

"काका, सगळ्यांना हीच खुर्ची देते मी."

आदल्या आठवड्यात दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट तिने उघडला. साखर डायबेटिसच्या उंबरठ्यावर. माझी! जिलेबीला हात न लावणाऱ्याची. मी तिला सांगितलं, प्रयोगशाळेत बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. तिने वाद घातला नाही. दिवसभरात काय खाता, एवढंच विचारलं.

"सकाळी चहा-बिस्किट. दुपारी थोडा वरणभात. संध्याकाळी खिचडी, नाहीतर पुन्हा चहा-बिस्किट. मला फार लागत नाही."

"वरण किती?"

"वाटीभर. पातळ."

"अंडं? पनीर? उसळी?"

"उसळीने पोट जड होतं."

तिने टेपने माझी कंबर मोजली. हातपाय काटकुळे, पण बेंबीपाशी एक छोटीशी उशी होती. शर्ट बाहेर सोडला की ती दिसत नसे. "काका, वजन काट्यावर दिसतं, स्नायू काट्यावर दिसत नाहीत. तुमचे स्नायू झिजत गेलेत आणि चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती बसलीय. आपल्या लोकांत हे फार दिसतं. बाहेरून बारीक म्हणून कोणी तपासतच नाही. साखर मुख्यतः स्नायू वापरतात, ते कमी झाले की ती रक्तात राहते. आणि अंगातली ताकद अशी कमी झाली की पडण्याचा धोका असतोच, हृदयाचाही वाढतो."

"आमच्या घराण्यात कोणाला हार्टचं काही नाही."

"वडील कशाने गेले?"

"झोपेत."

"हो, पण कशाने?"

चाळीस वर्षांपूर्वी वडील झोपेत गेले, आणि चांगलं मरण आलं एवढंच आम्ही सगळे म्हणत आलो होतो. कशाने, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. नगरच्या या मुलीने ते तीन शब्दांत विचारलं, याचा मला मनस्वी राग आला.

तिने एक कागद हातात दिला. त्यावर त्याच चर्चच्या हॉलमधल्या वर्गाचा पत्ता होता. घरी येऊन मी तो कागद टाकून दिला. शिस्त म्हणून कागदाच्याच डब्यात टाकला.

पुढची हकीकत ऑगस्टमधली, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि त्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. सून जाताना सांगून गेली होती, "बाबा, टॉवेल ड्रायरमध्ये टाका, बाहेर ओलं आहे." ड्रायर हे यंत्र मला मूर्खपणाचं वाटतं. बाहेर सूर्य असताना घरात वीज जाळून टॉवेल भाजायचे! मी टॉवेल बादलीत घेतले, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अडकवल्या आणि मागच्या अंगणात गेलो. दोरीच्या खांबापाशी पोचतो तोच ओल्या गवतावरून जँडल सटकली आणि मी खाली बसलो. पडलो असंसुद्धा म्हणता येणार नाही. बसलो. कुठे लागलं नाही, खरचटलं नाही. एक क्षण मला हसूही आलं.

मग उठायला गेलो आणि उठता येईना.

जमिनीवर दोन्ही तळवे टेकून जोर केला. कोपर थरथरून वाकले. खांब हाताशी होता, पण खांब धरून स्वतःला ओढायला पंजात ताकद लागते. दोनदा धरला, दोनदा सुटला. मी धरणांचे मोठमोठे दरवाजे क्रेनने उचलून जागेवर बसवले आहेत. कुठे टेकू द्यायचा, भार कुठून घ्यायचा, हे मला पाठ आहे. गवतात बसून मी या देहाचा हिशेब मांडला. जेमतेम साठ किलोंचं ओझं. ते उचलणारी यंत्रणा बाद. यंत्रणेची देखभाल कोणी केली नाही, कारण यंत्रणा दिसायला सुबक होती.

पँटमधून गारठा आत शिरला. "हेल्प" म्हणून ओरडायचं मनात आलं, पण तोंडून आवाज निघेना. लाज वाटत होती. आणि ओरडून तरी काय? उंच कुंपणांपलीकडे एकही माणूस नव्हता. शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनवर पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात एक पक्षी आंघोळ करत होता. तासभर तरी मी त्याच्याकडे बघत बसलो असेन.

खिशात फोन होता. मुलाला केला असता तर तो मीटिंग सोडून आला असता. मग त्या दिवसापासून माझ्या गळ्यात मदत बोलवायचं लाल बटण आणि घरात कॅमेरे. सून काही बोलली नसती, तिने नुसतं ड्रायरकडे बघितलं असतं. मंडळातल्यांना सांगायचं म्हणजे जिलेबी खाता खाता ते माझी चर्चा करणार. दिवसा घरी असणारा, जवळ राहणारा आणि ज्याच्या मताला मी कवडीची किंमत देत नव्हतो असा एकच माणूस होता. नंबर शोधावा लागला नाही. सकाळचा गुलाब सगळ्यांत वर होता.

"सर, जरा येता का? काम होतं."

"आत्ता? काय काम?"

"आल्यावर सांगतो."

"कुठे आहात?"

"मागच्या अंगणात. बाजूच्या फाटकाने या."

पंधरा मिनिटांत आले. चढ चढून, भराभर चालत. फाटकातून आत आले आणि मला पाहून थांबले. मी त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो. ते हसले नाहीत.

"लागलंय कुठे?"

"नाही."

"चक्कर आली होती?"

"नाही हो. हात द्या, उठतो."

"हात देणार नाही. ओढलं तर दोघंही आडवे होऊ." त्यांनी घरालगतच्या डेकवरची लाकडी खुर्ची उचलून माझ्यासमोर ठेवली. "आता मी सांगतो तसं करा. आधी एका कुशीवर व्हा. कोपरावर या. हां. आता दोन्ही हात, दोन्ही गुडघे. मूल रांगतं तसं."

मी त्या जाड माणसासमोर ओल्या गवतात रांगलो.

"हात खुर्चीच्या बैठकीवर. आता एक पाय पुढे, तळवा टेकवून. चांगला पाय कुठला तुमचा?"

"दोन्ही चांगलेच आहेत."

"दिसतंय ते. उजवा घ्या."

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मागून माझ्या कमरेला हात लावून वर रेटलं, आणि मी उभा राहिलो.

"कुठे शिकलात हे?" मी विचारलं.

"तुम्ही घरी जे फुकट करता ना, ते मी वर्गात शिकलो," ते म्हणाले आणि त्याच खुर्चीवर बसले.

बसले ते बोलायचे थांबले. एवढ्या गारठ्यात त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. चेहरा ओल्या सिमेंटच्या रंगाचा झाला होता. एक हात छातीवर, दुसऱ्याने जबडा चोळत होते.

"काय होतंय?"

"काही नाही. ॲसिडिटी. सकाळी मेदूवडे झाले चार. चिमूटभर खायचा सोडा द्या पाण्यातून."

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: चार मेदूवडे, मग दुसरं काय होणार! दुसरा विचार जास्त नीच होता. मेडिकल सेंटरमध्ये ताटकळत बसलो असताना समोरच्या भिंतीवरचा फलक मी तीनदा वाचला होता. छातीवर दाब, घाम, जबडा दुखणं, वाट बघू नका, एकशे अकराला फोन करा. फलक मला शब्दन्‌शब्द आठवला. पण अँब्युलन्स दारात आली की मुलाला कळणार, आणि सर इथे कशाला आले होते हेही कळणार.

"आणतो सोडा," मी म्हणालो.

हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. ज्या माणसाने मला जमिनीवरून उचललं, त्याला तिथे बसवून मी सोडा शोधायला गेलो. डेकच्या दोन पायऱ्या कठड्याला धरून चढलो. कपाटात डबे उलटेपालटे केले. सोडा सापडला. पेल्यात पाणी घेतलं, चमचा शोधला. आणि पेला ढवळता ढवळता खिडकीतून बाहेर पाहिलं. सर पुढे वाकून बसले होते, दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून. एवढं मोठं शरीर, पण भर वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं दिसत होतं. मला स्वतःची शिसारी आली. पेला ओट्यावर ठेवला आणि फोन लावला.

फोनवरच्या बाईने शांतपणे पत्ता विचारला, लक्षणं विचारली, घरात ॲस्पिरिन आहे का विचारलं. होती. ॲलर्जी नाही ना हे सरांना विचारून मी ती त्यांना चावायला दिली.

"अँब्युलन्स कशाला बोलावलीत? बायको घाबरेल उगाच," ते म्हणाले.

"घाबरू दे."

अँब्युलन्समधून एक पुरुष आणि एक बाई उतरली. "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत फाटकातून आत आली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. सर घामाने भिजलेले, मी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, उभा थरथरतोय.

"तुमच्यापैकी पेशंट कोण?" बाईने विचारलं.

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सरांकडे.

त्यांनी सरांच्या छातीला तारा चिकटवल्या, ईसीजीची पट्टी पाहिली, एकमेकांशी दोन शब्द बोलले आणि हालचाली एकदम वेगात सुरू झाल्या. जाता जाता त्या बाईने माझ्या पँटकडे पाहून विचारलं, तुम्ही पडला होतात का?

"गार्डनिंग करत होतो," मी म्हणालो. तिने बादलीतल्या टॉवेलांकडे पाहिलं, मग माझ्या जँडल्सकडे. मग ती सरांमागे गेली.

सरांची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. त्याच दुपारी स्टेंट घातला. दोन दिवसांनी मुलगा मला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. मोटरवेवर गाड्या तुंबलेल्या होत्या, सुटका नव्हती, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

"बाबा, मला का नाही फोन केलात?"

"तू मीटिंगमध्ये असशील म्हणून."

"मी नेहमीच मीटिंगमध्ये असतो," तो म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे बघत राहिला. मला वाटलं होतं तो चिडेल. त्याचा आवाज चिडलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

वॉर्डात मंडळातले चार-पाच जण जमले होते. सर त्यांना सांगत होते, इंजिनिअरसाहेबांनी प्रसंगावधान दाखवलं म्हणून मी आज इथे आहे. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी बघू दिलं. ते गेले, सरांच्या पत्नी कॉफी आणायला खाली गेल्या, तेव्हा मी म्हणालो, "सर, मी आधी फोन नव्हता केला. सोडा शोधत होतो. फलकावरचं सगळं आठवत असताना."

त्यांनी विचारलं, "का?"

"मुलाला कळू नये म्हणून."

"किती वेळ गेला?"

"चार-पाच मिनिटं असतील."

"चार-पाच मिनिटांत पुष्कळ काही होऊ शकतं," ते म्हणाले. शिकवतानाचा आवाज होता. क्षमा केली असं म्हणाले नाहीत, नाही केली असंही नाही. पाणी मागितलं. मी दिलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी चर्चच्या हॉलमध्ये गेलो. वर्ग मला वाटलं होतं तितकाच हास्यास्पद निघाला. जुनी गाणी मोठ्याने लावतात. रबरी पट्टे ओढायचे. टोंगन बाई मला डार्लिंग म्हणते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, कमरेत वाकलेली एक गोरी म्हातारी माझ्या दुप्पट वेळा खुर्चीवरून उठते आणि वर मला "स्वीट ॲज", म्हणजे झकास, अशी शाबासकी देते. पहिल्या दिवशी मला हातांचा आधार घ्यावा लागला. दुसऱ्या महिन्यात लागला नाही. सून रोज सकाळी दोन अंडी उकडून ठेवते. त्यांचा वास मला अजिबात आवडत नाही, नाक मुरडून खातो. दुपारी पातळ वरणाऐवजी घट्ट उसळ. नर्सकडे परत गेलो तेव्हा पाच वेळा उठलो, सावकाश का होईना. साखर थोडी खाली आली आहे, उंबरठ्यावरून अजून हटलेली नाही. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आहे हृदयाच्या काळजीची. ती मी घेतो.

सरांचं पोट थोडं ओसरलं आहे. फार नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही ओढ्याकाठच्या वाटेने चालायला जातो, ते हळू, मी हळू. वाटेत एक बाक आहे. तिथे बसायचं कोणामुळे ठरतं यावरून आमची दर वेळी बाचाबाची होते. बसले की सर पाण्यातल्या बदकांना काय खायला घालावं आणि त्याचं बदकांच्या लिव्हरमध्ये काय होतं ते समजावून सांगतात. निम्मं चूक असतं. मी ते त्यांना सांगतो. ते हसतात, पोट हलेपर्यंत.